‘करणं’ या क्रियापदाचं कर्म

‘तिनं सासूचं खूप केलं.’ या वाक्यात मराठी माणसाला काहीच अडत नाही. पण शाळेतल्यासारखं ते सोडवायला घेतलं, तर कर्ता सापडतो, क्रियापद सापडतं, कर्म मात्र सापडत नाही. काय केलं? पाठ चोळून दिली, की रात्री तीनदा उठून चादर बदलली, की औषधांच्या वेळा सांभाळल्या, की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत खेटे घातले? वाक्य ते सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. ‘त्यांचं करायला कुणी नाही’, ‘कुणाला आपलं करायला लागू नये’, ‘दोन वर्षं दुखणं काढलं’ असंच आपण म्हातारपणातल्या देखभालीबद्दल बोलत आलो. आता त्या जागी डिमेन्शिया, केअरगिव्हर, पॅलिएटिव्ह, रेस्पाइट, अटेंडंट, लिव्हिंग विल असे शब्द घराघरांत शिरताहेत. घरच्यांनी ते समजून घ्यावेत, नेमके वापरावेत आणि जिथे जमेल तिथे त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत, असं माझं मत आहे. या मताला विरोध आहे आणि तो पोकळ नाही. म्हणून शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीनं पूर्वपक्ष आधी मांडतो. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : हे शब्द घरात जन्मलेले नाहीत. ते इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावरून, नर्सिंग ब्युरोच्या दरपत्रकावरून आणि विम्याच्या पॉलिसीतून आले. शब्द जिथून येतो तिथला हिशेबही सोबत आणतो. आईला अंघोळ घालणं मुलीच्या लेखी वेगळं काम नव्हतंच, ते नात्यात मुरलेलं होतं. त्याला ‘पर्सनल केअर’ म्हटलं की त्याचे तास होतात, तासांना दर लागतो आणि भावंडांत वाटणीची भाषा सुरू होते. तुम्ही कर्म शोधताय, पण ते न उच्चारण्यातच त्या वाक्याचा शालीनपणा आहे. करणारीनं काय काय केलं याचा पाढा वाचायचा नसतो. ज्यांचं केलं त्यांची लाजही त्यामुळे झाकली जाते.

उत्तरपक्ष : लाज झाकली जाते, हे खरं. पण त्याच पांघरुणाखाली कामही झाकलं जातं, आणि जे दिसत नाही ते वाटूनही घेता येत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड इथे सिडनी कॅट्झ हे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचं निरीक्षण करत होते. 1963 साली त्यांनी रोजच्या जगण्यातल्या सहा क्रिया नोंदवल्या : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाऊन स्वच्छ होणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा असणं आणि स्वतःच्या हातानं जेवणं. या क्रिया साधारण एका क्रमानं सुटतात, अंघोळ आधी आणि जेवण शेवटी, आणि मूल त्या शिकतं त्याच्या उलटा हा क्रम आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं. आपण ‘परावलंबी’ किंवा ‘अंथरुणाला खिळलेले’ एवढंच म्हणतो, तेव्हा या सहा पायऱ्यांपैकी माणूस नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही. ज्यांना फक्त अंघोळीला हात लागतो आणि ज्यांना कूस बदलायलाही माणूस लागतो, ते दोघंही ‘परावलंबी’च. पहिल्यासाठी न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा आणि बसायला स्टूल पुरतं. दुसऱ्याची कूस दर काही तासांनी बदलली नाही, तर माकडहाडावर अंथरुणाचे व्रण पडतात, आणि ते भरून यायला महिने जातात. ‘आईचं करायचंय’ असं सांगितल्यावर पुण्यातला भाऊ पैसे पाठवतो आणि नाशिकची बहीण महिन्यातून एकदा येऊन जाते. दोघांच्याही मनात काहीतरी केल्याचं समाधान असतं, आणि ते खोटंही नसतं. ‘आईला रात्री अकरा, दोन आणि पाच वाजता कुशीवर वळवावं लागतं’ असं सांगितलं, तर त्या तीन वेळांसमोर कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं. वाटणीची भाषा तुम्हाला खुपते. पण वाटणी आधीपासून झालेलीच होती. ती एकाच व्यक्तीच्या वाट्याला पूर्ण आली होती, म्हणून वाटणीसारखी दिसत नव्हती. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्त्रियांपैकी 27.6 टक्के जणी घरातल्यांची विनामोबदला देखभाल करत होत्या आणि त्या दिवसाला सरासरी 134 मिनिटं देत होत्या. पुरुषांपैकी 14 टक्के जण ती करत होते आणि 76 मिनिटं देत होते. यात मुलांचं संगोपनही आलं, हे खरं. पण सासऱ्यांची ओली चादर धुण्याचा वेळ या आकड्यात नाही. तो घरकामाच्या रकान्यात जातो, आणि तिथे स्त्रियांची 299 मिनिटं आहेत, पुरुषांची 97.

पूर्वपक्ष : म्हणजे क्लीव्हलंडची यादी घेऊन आपल्या बापाला गुण द्यायचे? सहापैकी चार, सहापैकी तीन? जो माणूस गावच्या विहिरीवर अंघोळ करत आला, ज्यानं उभ्या जन्मात स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही, त्याची ताकद परदेशी पट्टीनं कशी मोजणार?

उत्तरपक्ष : इथे तुमची शंका रास्त आहे, आणि पट्ट्या करणाऱ्यांनाही ती आली होती. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी 1969 साली दुसरी यादी केली. फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार या आठ गोष्टी तिच्यात होत्या. पुरुषांसाठी मात्र तेव्हा स्वयंपाक, घरकाम आणि धुणं या तीन गोष्टी वगळून पाचच मोजत. जे कधी केलंच नाही, ते सुटलं असं कसं म्हणणार? (याच एलेन ब्रॉडींनी पुढे 1981 साली आईबाप आणि मुलं या दोन्ही टोकांत अडकलेल्या मधल्या वयाच्या बायकांवर लिहिलं.) आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत डिमेन्शियाचा अभ्यास करताना संशोधकांनी इथल्या जगण्याला धरून नवी प्रश्नावली केली. ती 1999 साली प्रसिद्ध झाली. जेवून झाल्याचं विसरून पुन्हा जेवण मागतात का, गावात वाट चुकतात का, घरातल्या लग्नासारख्या मोठ्या गोष्टीत आपलं मत देतात का, असले प्रश्न तिच्यात आहेत. म्हणजे पट्टी परकी असेल तर आपली करता येते. राहिला गुणांचा प्रश्न. गुण बापाला नसतातच. मार्चमध्ये जे स्वतः करत होते ते जूनमध्ये सुटलं का, हे कळण्यापुरती ती खूण आहे. असा बदल दिसला तर डॉक्टर कारण शोधू शकतात. ‘हल्ली जरा थकलेत’ एवढ्यावरून त्यांना काही शोधता येत नाही.

पूर्वपक्ष : क्रियांची नावं सोडा, आजारांच्या नावांचं काय? पूर्वी आजोबा विसरायला लागले, भलतंच बोलायला लागले, की घर ते पचवून घ्यायचं. वय झालंय, म्हातारचळ लागलाय, असं म्हणून हसून सोडून द्यायचं. आता ‘डिमेन्शिया’ असं नाव दिलंत की माणसाचा रुग्ण होतो. त्याच्या सहीवर शंका, त्याच्या बोलण्यावर शंका. नाव देऊन औषध मिळालं असतं तर एक गोष्ट. पूर्ण बरं करणारं औषध नाही, मग नावाचा हा शिक्का कशाला?

उत्तरपक्ष : ‘म्हातारचळ’ हा शब्द तुम्हाला वाटतो तितका मायाळू नाही. त्यात चेष्टा आहे आणि दोषारोपही. माणूस मुद्दाम ताळ सोडून वागतोय, असं तो सुचवतो. मेंदूच्या पेशी झिजत चाललेला माणूस ‘माझे पैसे सुनेनं चोरले’ म्हणतो, तेव्हा त्याला म्हातारचळ म्हटलं तर तो दुष्ट ठरतो. त्याचं म्हणणं खरं धरलं तर सून चोर ठरते. आजाराचं नाव घेतलं तर दोघंही सुटतात, कारण ठेवलेली वस्तू न आठवणं आणि मग चोरीचा संशय येणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे. जपाननं या प्रश्नाचा विचार सरकारी पातळीवर केला. तिथे डिमेन्शियाला रूढ असलेल्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. 2004 साली सरकारनं तो टाकला आणि जाणिवेचा, आकलनाचा आजार असा अर्थ देणारा नवा शब्द आणला. आपल्याकडे ‘स्मृतिभ्रंश’ आहे. तो पूर्ण नेमका नाही, कारण या आजारात निर्णय, भाषा, दिशेचं भान हेही जातं. पण त्या शब्दात हेटाळणी नाही, म्हणून तो चालवावा. अल्झायमर हा त्या समूहातला सर्वाधिक आढळणारा आजार. सगळाच स्मृतिभ्रंश म्हणजे अल्झायमर नव्हे. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. देशपातळीवरच्या अभ्यासातून साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज निघाला आहे. इतक्या घरांना हसून सोडून देता येईल असं हे प्रकरण नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात आपली जुनी भाषा तुमच्यापेक्षा माझ्या बाजूनं उभी आहे. मराठीत दोन वेगळे शब्द होते. हळूहळू येतो तो ‘चळ’, आणि तापात, दुखण्यात एकाएकी येतो तो ‘वात’. ‘वातात बरळतोय’ असं म्हणणाऱ्या आजीला हे दोन वेगळे प्रकार आहेत हे ठाऊक होतं. वैद्यकात हाच फरक डिमेन्शिया आणि डेलिरियम असा आहे. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. सकाळी ओळखणारा माणूस संध्याकाळी भिंतीवर किडे दाखवतो. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, नवं औषध, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया ही त्याची नेहमीची कारणं. कारण सापडलं की बहुतेकदा माणूस पुन्हा भानावर येतो, आणि उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं. आज शहरातल्या घरांत ‘वात’ हा शब्द सांधेदुखीपुरता उरला आणि डेलिरियम कुणी शिकवला नाही. त्यामुळे कालपर्यंत पेपर वाचणाऱ्या माणसाची अचानक सुरू झालेली बडबडही ‘वय झालं’ या खात्यात जाते. इथे एका शब्दाच्या अभावानं इस्पितळात जायला दोन दिवस उशीर होतो. ‘हे आत्ता झालंय, की वर्षभर चाललंय?’ हा एक प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारता यायला हवा. या लेखातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये असं मला कळकळीनं वाटतं.

पूर्वपक्ष : आजाराचं मानलं. पण कायद्याचं आणि कागदाचं नाही मानणार. आईवडिलांनी मुलाच्या नावे घर करताना ‘तू आम्हाला सांभाळशील’ असं दस्तात लिहून घ्यायचं? लिहिण्याची वेळ आली तिथे नातं आधीच संपलं.

उत्तरपक्ष : न लिहिल्यामुळे काय झालं ते न्यायालयाच्या निकालांत वाचता येतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 सांगतं, की देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत घेता येते. सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली म्हटलं, की अशी अट होती हे दिसायला हवं. प्रेमापोटी दिलं एवढ्यावरून अट गृहीत धरता येणार नाही. त्या प्रकरणात आईच्या हाती काही आलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या एका आईच्या बाजूनं निकाल लागला. तिच्या बक्षीसपत्रात मुलगा सांभाळ करील असं लिहिलेलं होतं, आणि हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीनं उदारपणे वाचावा असंही न्यायालयानं सांगितलं. दोन आया आणि एका वाक्याचा फरक. आणि ‘सांभाळ’ या शब्दात तरी काय येतं? त्या कायद्यात चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखरेख आणि उपचार. न्यायाधिकरण जास्तीत जास्त दरमहा 10,000 रुपये द्यायला सांगू शकतं. जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांची. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. 2019 साली सून-जावयांनाही तीत आणणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर झालं नाही. म्हणजे कायद्याला मुलाचा आणि मुलीचा पैसा दिसतो, रूढीला सुनेचे हात दिसतात, आणि दोन्हींत मुलाचे हात कुठेच नाहीत. जबाबदारी कुणाची आणि काम कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे या शब्दांमुळेच कळतं.

विम्याचंही तसंच. ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ वाचून लोकांना वाटतं, देखभालीसाठी घरी ठेवलेल्या बाईचा पगार मिळेल. त्याचा अर्थ निराळा आहे. ज्या आजाराला एरवी इस्पितळात भरती व्हावं लागलं असतं, पण रुग्णाला हलवता येत नाही किंवा खाट मिळत नाही, तेव्हा घरी घेतलेले उपचार. सत्तरीपुढच्या सर्वांना 2024 पासून लागू झालेलं आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षणही भरतीसाठीच आहे. रोज कूस बदलणाऱ्या हातांना यातलं काहीच लागू होत नाही. आणि त्या हातांनाही आपण धड नाव देत नाही. ब्युरोकडून आलेली मावशी आणि प्रशिक्षण घेतलेली नर्स या दोघींना ‘सिस्टर’ म्हणतो, मग नाकातल्या नळीतून भरवण्याचं काम तिच्यावर सोपवतो जिला ते कुणी शिकवलेलं नाही. ‘चोवीस तासांची बाई’ म्हणतो आणि ती झोपणार कधी, हे ठरवत नाही.

पूर्वपक्ष : एक शब्द मात्र मला सहन होत नाही. ‘केअरगिव्हर बर्डन’. आईबाप म्हणजे ओझं? आणि ‘रेस्पाइट’ची नवलाई कशाला? आपल्याकडे माहेरपण होतं. करणाऱ्या बाईला चार दिवस विसावा मिळावा ही सोय रीतीतच होती.

उत्तरपक्ष : ‘ओझं’ हा शब्द मीही टाकतो. झरिट यांची 1980 पासूनची प्रश्नावली करणाऱ्यावर पडणारा ताण मोजते. ती तब्येत, लोकांत मिसळणं आणि चिडचिड यांविषयी विचारते. मराठीत आणताना ‘ओझं’ म्हटलं की बोट अंथरुणातल्या माणसाकडे वळतं. ‘देखभालीचा ताण’ म्हणावं, आणि हे सुचण्याचं श्रेय तुमच्या आक्षेपाला. माहेरपणाबद्दलही तुम्ही बरोबर आहात. विसाव्याची गरज समाजाला माहीत होती, हा त्याचा पुरावाच आहे. पण माहेरपण तरुण लेकीचं. आज अंथरुणातल्या पंच्याऐंशीच्या सासूचं करणारी सून स्वतः अठ्ठावन्नची असते, तिची आई एक तर गेलेली असते किंवा तीही अंथरुणात असते. तिनं कुठे जावं? आणि बायकोचं करणाऱ्या पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला माहेर कुठलं? ‘विसावा’ हाच शब्द घेऊ या, पण त्याला तारीख आणि माणूस जोडून : दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार, अमक्यानं यायचं.

पूर्वपक्ष : आणि शेवटी ‘पॅलिएटिव्ह’. ‘आता घरी घेऊन जा’ या वाक्याचं गोंडस नाव.

उत्तरपक्ष : असा वापर होतो, आणि तो चुकीचा आहे. दुखणं, धाप, मळमळ, भीती यांना आवर घालणारी ही शाखा मूळ आजाराच्या उपचारांसोबतच सुरू करायची असते. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक 11.6 महिने होता, न मिळालेल्यांचा 8.9 महिने. ज्याला तुम्ही हात झटकणं म्हणता, त्यात माणसं कमी त्रासात अधिक जगली. हॉस्पिस हा तिचा अखेरच्या काळाचा भाग. मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यातही ते सुरू झालं.

लिव्हिंग विलला मराठीत सर्रास ‘इच्छामरण’ म्हटलं जातं, आणि तिथेच घरातलं बोलणं बंद पडतं. त्या कागदात कुणी मरण मागत नाही. सुधारण्याची आशा नसताना केवळ श्वास लांबवणारे उपचार नकोत, आणि मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीनं अमुक माणसांनी बोलावं, एवढंच त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली त्याला मान्यता दिली आणि 2023 साली रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. मी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणतो, कारण नुसतं ‘इच्छापत्र’ म्हटलं की लोक घर-जमीन मोजू लागतात.

पूर्वपक्ष : आमच्या घरातली म्हातारी माणसं असला कागद करणार नाहीत. ती म्हणतात, ‘मला काय कळतंय, तुम्हीच काय ते बघा.’ त्यात मुलांवरचा विश्वास आहे.

उत्तरपक्ष : विश्वास आहेच. पण ‘बघा’ याचंही कर्म त्या वाक्यात नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी रात्री दोन वाजता डॉक्टर विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का, आणि तिघा भावंडांची तीन उत्तरं असतात, कारण तिघांनीही ‘बघा’चा आपापला अर्थ लावलेला असतो. ज्यांना खरं उत्तर माहीत आहे ते आत, नळ्यांमध्ये. म्हणून ते अजून हिंडते-फिरते आहेत, सकाळी चहा घेताहेत, तेव्हाच शेजारी बसून विचारायचं : बघायचं म्हणजे काय बघायचं? नाकात नळी घातलेली चालेल का? शेवटचे दिवस इस्पितळात की घरी? आम्हा तिघांत मतभेद झाला तर कुणाचं ऐकायचं?